पिकअपचं सीट कव्हर आणि मॅट: बाहेर काढून धुता येईल असंच घ्या

माझी बोलेरो पिकअप आहे. नारायणगावच्या मार्केटमधून टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि रात्रीतून वाशीला नेऊन खाली करायचे, सीझनमध्ये रोज हेच, आणि सीझन नसला की कांदा, खताच्या गोण्या, कुणाचं घरसामान, मिळेल ते भाडं. म्हणजे दिवसाचे आठ-दहा तास मी त्या सीटवर असतो. मागच्या आठवड्यात मावसभावाने नवीन पिकअप घेतली आणि पासिंग झाल्या झाल्या फोन केला, दादा सीट कव्हर कुठलं टाकू, मॅट कुठली घेऊ, दुकानदार ७डी मॅट घ्या म्हणतोय. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे नीट लिहितोय, कारण हा प्रश्न नवीन गाडी घेणारा प्रत्येक जण विचारतो आणि बहुतेक जण दुकानात दिव्याखाली चमकणारं बघून पैसे देऊन येतात.

माझा नियम एकच आहे, बाकी सगळं त्यातूनच निघतं. जे काही केबिनमध्ये घालाल ते एका माणसाला, एका बादली पाण्यात, अर्ध्या तासात बाहेर काढून धुता आलं पाहिजे आणि दुसऱ्या भाड्याच्या आत वाळलं पाहिजे. पिकअप म्हणजे घरची कार नाही. कारमध्ये माणूस बूट पुसून बसतो, आपल्या गाडीत शेतकरी वावरातून थेट येऊन बसतो, हमाल घामाने भिजलेला येतो, पावसात ताडपत्री बांधून आपणच चिंब होऊन सीटवर बसतो. घाण होणारच आहे, ती आपण थांबवू शकत नाही. ती खाली झिरपून पत्र्यापर्यंत आणि फोमपर्यंत जाऊ नये एवढंच आपल्या हातात आहे.

आधी मॅटचं बोलतो, कारण सीट कव्हर चुकलं तर पैसे जातात आणि मॅट चुकली तर जीव जाऊ शकतो.

मॅट आणि पेडल

२००९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ टोयोटाच्याच लेक्सस ब्रँडच्या एका गाडीचा अपघात झाला, चार माणसं गेली. गाडीत दुसऱ्याच मॉडेलची रबरी मॅट टाकलेली होती आणि अॅक्सिलरेटरचं पेडल त्या मॅटच्या कडेत अडकून दाबलेलंच राहिलं, गाडी थांबेचना. त्यानंतर टोयोटाने तिकडच्या जवळजवळ ३८ लाख गाड्यांच्या मालकांना ड्रायव्हरच्या बाजूची मॅट काढून ठेवा असं कळवलं, आणि त्या यादीत टॅकोमा आणि टुंड्रा हे त्यांचे पिकअपही होते. एवढ्या मोठ्या कंपनीची एवढी भारी गाडी आणि मूळ कारण काय, तर पायाखाली दुसऱ्या गाडीची मॅट. हे मी प्रत्येक नवीन ड्रायव्हरला सांगतो.

माझ्या बाबतीत क्लचवर आलं होतं. जुन्या मॅटवर नवीन मॅट टाकलेली, खालची पायाला मऊ लागते म्हणून काढली नव्हती, आणि माळशेजला उतारावर तिसरा टाकायला क्लच दाबला तर पूर्ण खाली जाईना, वरची मॅट पुढे सरकून पेडलच्या मागे गोळा झालेली. मागे माल, बाहेर धुकं, जुलैचा पाऊस. ब्रेकवर गाडी कडेला घेतली, मॅट उपसून शेजारी फेकली आणि वाशीपर्यंत नुसत्या पत्र्यावर पाय ठेवून गेलो. त्या दिवसापासून मॅटवर मॅट नाही म्हणजे नाही.

तर मॅट घ्यायच्या आधी, शक्यतो दुकानासमोरच, इंजिन बंद ठेवून हे करून बघा. मॅट जागेवर टाका, सीट तुम्ही चालवता तिथे सरकवून घ्या आणि तिन्ही पेडल एकेक करून तळापर्यंत दाबा, पेडल पूर्ण दाबल्यावर मॅटच्या कडेपासून अंगठाभर तरी जागा सुटली पाहिजे. मग मॅटला टाचेने जोरात पुढे ढकला, तुम्ही रात्रभर चालवताना नकळत जसं ढकलता तसं, आणि परत पेडल दाबून बघा. दुसऱ्या वेळी जर कुठलंही पेडल मॅटला लागलं तर ती मॅट तुमच्या गाडीची नाही, दुकानदार काहीही म्हणो. अॅक्सिलरेटर दाबून सोडला की तो झटकन वर येतो का तेही बघा. फ्लोअरला मॅट अडकवायचा हुक असेल तर मॅटला त्याच जागी भोक पाहिजे. हुक नसेल तर मॅटच्या पाठीला काटे किंवा खाचा पाहिजेत आणि मागची कड सीटच्या पायाशी टेकली पाहिजे म्हणजे ती मागेपुढे होत नाही.

आणि मॉडेल नीट सांगा. बोलेरो म्हटलं की दुकानदार बऱ्याचदा प्रवासी बोलेरोची मॅट काढून देतो. प्रवासी बोलेरो वेगळी, कॅम्पर वेगळी, पिकअप वेगळी आणि २०२२ पासून आलेली मॅक्स पिकअप आणखी वेगळी. इंट्रा, योद्धा, दोस्त या दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांचं तर सगळंच निराळं. वर्ष आणि व्हेरिएंट सांगा, नाहीतर सरळ गाडी दुकानापुढे उभी करा आणि घालूनच घ्या. ऑनलाइन मागवणार असाल तर युनिव्हर्सल लिहिलेली ड्रायव्हरच्या बाजूला कधीच टाकू नका, क्लीनरच्या बाजूला टाकली तर एक वेळ चालेल.

कुठली मॅट

बाजारात मुख्य चार-पाच प्रकार मिळतात. साधी रबरी, पीव्हीसीची, नूडल मॅट म्हणजे ती शेवयांच्या गुंत्यासारखी दिसते ती, ५डी-७डी नावाने विकतात ती फोमवर रेक्झिन चिकटवलेली, आणि टीपीईची म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकची ट्रे मॅट जिला चारी बाजूंनी उभी कड असते. कार्पेटवाली पिकअपसाठी विचारातही घेऊ नका.

७डी बद्दल स्पष्ट सांगतो, पिकअपमध्ये घालू नका. दिसायला छान, पूर्ण फ्लोअर झाकते, पाय ठेवला की मऊ, सगळं खरं आहे. पण तिच्या पोटात फोम असतो आणि ती इतकी घट्ट बसवलेली असते की सहजासहजी निघत नाही, काही ठिकाणी तर सीटचे बोल्ट सैल करून खाली दाबलेली असते. दाराच्या कडेने, शिलाईतून, टाचेने पडलेल्या भोकातून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाटच नसते. माझ्या आधीच्या गाडीत अशीच होती, दोन पावसाळे काढले, केबिनमध्ये कुबट वास यायला लागला म्हणून मॅट उपसली तर ड्रायव्हरच्या टाचेखालचा पत्रा भुरभुरीत झालेला, पान्याच्या टोकाने टोचला तर आरपार गेला. वेल्डिंगवाल्याकडे पट्टी मारून घेतली आणि वर प्राइमर-कलर, भाडी बुडाली ती वेगळीच. वरून मॅट तेव्हाही चांगलीच दिसत होती.

नूडल मॅटमध्ये माती खाली पडते आणि वर बूट कोरडा राहतो, त्यामुळे डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या, कुरिअर किंवा दूध-ब्रेडची लाइन असणाऱ्या गाडीला ती चांगली. आपल्याकडच्या काळ्या मातीला मात्र ती पुरी पडत नाही. काळी माती ओली असताना चिकट आणि वाळली की दगड, ती त्या शेवयांच्या गुंत्यात वाळून बसली की झटकून निघत नाही, भिजवून ठेवून काठीने बडवावी लागते. कोकणातली लाल माती त्या मानाने धुऊन जाते पण डाग सोडते, त्यामुळे तिकडे मातकट किंवा तपकिरी रंग बरा, करडा रंग महिन्यात लालसर होतो.

माझ्या मते शेतमालाच्या गाडीला दोनच पर्याय. बजेट असेल आणि तुमच्या मॉडेलची मिळत असेल तर टीपीईची ट्रे मॅट. टीपीईला वास येत नाही, उन्हात आणि थंडीत लवचिक राहते, वजनाला हलकी आणि उभ्या कडेमुळे पाणी-चिखल तिच्यातच राहतो, दार उघडून ताटासारखी उचलायची आणि बाहेर ओतायची. ती नसेल तर जाड रबरी मॅट, खोल खाचांची. हार्डवेअरच्या दुकानात खाचांची रबर शीट कापून मिळते, तीही चालते. पाच एमएमची घ्या, तीन एमएमची टाचेखाली लवकर झिजते आणि कडा वळतात. शीट आणली तर आधी वर्तमानपत्राचा साचा कापा, फ्लोअरवर नीट बसवा, पेडलच्या बाजूला मुद्दाम दोन बोटं कमीच ठेवा, आणि मग त्या साच्यावरून रबर कापा. अंदाजाने कापलेली शीट हमखास चुकते.

रबर बघून घ्यायची पद्धत सोपी आहे. मॅट पूर्ण दुमडा आणि घडीवर बघा, पांढरी रेघ उमटली तर आत भुकटीचा भरणा जास्त आहे, ती उन्हात तडकणार. पांढरा ओला फडका जोरात घासा, फडका काळा झाला तर तुमची चप्पल आणि पँटसुद्धा काळी होणार. वास घ्या, रॉकेलसारखा उग्र वास येत असेल तर बंद केबिनमध्ये उन्हात तो वाढतोच, डोकं दुखतं.

मॅट टाकायच्या आधी खालचा पत्रा एकदा बघा, हे बहुतेक जण करत नाहीत. कंपनीचं रबरी किंवा विनाइल फ्लोअरिंग असेल तर त्याची कड उचलून खाली ओल आहे का बघा. गंज दिसला तर पॉलिश पेपर मारून प्राइमर लावून घ्या, मगच मॅट. फ्लोअरला रबरी बुचं असतात, ती जागेवर आहेत ना बघा, एखादं पडलेलं असेल तर चाकाने उडालेलं पाणी खालून केबिनमध्ये येतं आणि आपण दाराला दोष देत बसतो. खत वाहणाऱ्यांनी आणि मिरकरवाड्यासारख्या बंदरावरून मासळी भरणाऱ्यांनी तर हे जास्तच बघायचं, कारण युरिया हवेतली ओल ओढून घेतो आणि मिठाचं पाणी पत्रा खातं, दोन्ही मॅटखाली साचलं की गंज फार वेगाने पसरतो. तुमचं भाडं असलं असेल तर दर आठवड्याला मॅट उचलून खाली साधं पाणी मारून फडक्याने कोरडं करणं याला पर्याय नाही.

सीट: कव्हरच्या आधी फोम

जुनी गाडी असेल तर आधी सीटवर बसून बघा, खाली लाकूड किंवा स्प्रिंग लागते का. फोम बसलेला असेल आणि वर नवीन कव्हर टाकलं तर आठ दिवसांत सुरकुत्या पडतात, सुरकुती घासते आणि तिथेच फाटतं. सीटवाल्याला सांगून बैठकीचा फोम बदला. फोम घेताना डेन्सिटी विचारा, ४० डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन ४० किलो, आणि बैठकीला त्याच्या खालचा घेऊ नका, पाठीला ३२ चालतो. फक्त उंची वाढवू देऊ नका. काही जण आरामासाठी दोन इंच जास्तीचा फोम टाकतात, मग मांडी स्टिअरिंगला लागते, आरसे परत लावावे लागतात, आणि क्लच दाबताना पाय लोंबकळतो, १०० किलोमीटरनंतर कंबर बोलायला लागते.

आता कापड. रेक्झिन हे नाव मुळात इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या एका कंपनीच्या मालाचं, आपल्याकडे ते सगळ्याच नकली चामड्याला चिकटलं. आज जे मिळतं ते बहुतेक कापडावर पीव्हीसीचा थर दिलेलं असतं. पीव्हीसी मुळात कडक असतं, ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळतात, आणि हलक्या मालात ते उन्हाने हळूहळू उडून जातं. म्हणून स्वस्त रेक्झिन दोन उन्हाळ्यांत कडक होऊन चिरतं, आणि तेच उडालेलं द्रव्य आतून काचेवर धुरकट थर होऊन बसतं, रात्री समोरच्या गाडीचा लाइट पडला की काच पांढरी दिसते. नवीन कव्हर टाकल्यावर काच आतून सारखी तेलकट होत असेल तर कारण हे असतं. त्याच कारणाने रेक्झिन डिझेल, रॉकेल, थिनरने पुसू नका, डाग जातो पण मऊपणाही जातो.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा थर दिलेलं नकली चामडं त्यापेक्षा मऊ आणि हाताला चांगलं, पण हलकं पीयू घाम आणि दमटपणाने सोलतं, खपल्या पडतात. दुकानात नप्पा, म्हणजे मऊ चामडं, म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वेळा हेच असतं, नावाला भुलू नका, उलटं करून पाठ बघा. पाठीला विणलेलं मजबूत कापड पाहिजे. कोपऱ्यावर नखाने थर सोलून बघा, सुटला तर सोडून द्या. दोन्ही हातांनी ताणा, थोडं ताणून परत जागेवर आलं पाहिजे.

मेशवालं कव्हर, ते जाळीदार असतं ते, हवा खेळती ठेवतं, घाम कमी येतो. पण एकटं मेश पिकअपला पुरत नाही, सांडलेलं पाणी थेट फोममध्ये जातं. फर आणि वेलवेट धूळ धरतात, ओले झाले की दोन-दोन दिवस वाळत नाहीत. मण्यांचं सीट मी वर्षभर वापरलं, उन्हाळ्यात पाठीला बरं वाटतं, पण दोरा तुटला की मणी पायाखाली घरंगळतात आणि पेडलखाली मणी गेलेला मला परवडत नाही, म्हणून काढलं.

मी काय केलंय ते सांगतो. खाली फिटिंगचं जाड रेक्झिन, सीटवाल्याकडून मापाने शिवलेलं, साधं, कुठलीही नक्षी नाही, आणि त्यावर सुती कव्हर, टॉवेलच्या कापडाचं, नाडी आणि इलॅस्टिकने बांधायचं. रेक्झिन पाणी फोमपर्यंत जाऊ देत नाही आणि सुती कापड घाम शोषतं. जुन्या अॅम्बेसेडरना पांढरे टॉवेल असायचे ते याच कामाला. मी सोलापुरी टॉवेल आणून त्याचेच दोन जोड शिवून घेतले, एक गाडीत, एक दोरीवर, वाशीहून आलो की बदलायचा. पांढरा रंग घेतला नाही, टोमॅटोचा डाग पांढऱ्यावर राहतोच, गडद निळा घेतला. डिसेंबर-जानेवारीत आळेफाट्याच्या पुढे पहाटे कडाक्याची थंडी असते तेव्हा टॉवेलवर घोंगडीचा तुकडा घालतो, लोकर ऊब धरते आणि थोडं पाणी पडलं तर वरच्यावर झटकून जातं.

रंगाबद्दल एवढंच की खालचं रेक्झिन काळं घेऊ नका. काळं मळत नाही म्हणून सगळे तेच घेतात, पण मे महिन्यात दुपारी मार्केटला उन्हात गाडी लावून आडतीवर विक्रीची पट्टी घ्यायला जाऊन या आणि मग बसून बघा. आमच्याकडे ही गत, मग नागपूर-चंद्रपूरकडे ४५ च्या वर पारा जातो तिथे काय होत असेल. करडा किंवा मातकट रंग, उन्हाला बरा आणि मळ बेताचाच दिसतो.

शिवून घेताना

रेडिमेड कव्हर कारसाठी भरपूर मिळतात, पिकअपसाठी कमी, आणि त्यातही सीटची रचना जुळायची पंचाईत. माझ्या गाडीत ड्रायव्हरची सीट वेगळी आणि शेजारी दोघांची जोडसीट, काहींच्या गाडीत दोन सुट्या सीट. म्हणून मी म्हणतो शिवूनच घ्या. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला कापड आणि कव्हर दोन्हीचे ढीगभर प्रकार बघायला मिळतात, पण तुमच्या गावच्या सीटवाल्याचं काम चांगलं असेल तर कापड तिकडून आणा आणि शिवून गावात घ्या, काही उसवलं तर तो जवळ असतो.

कापड किती लागेल याचा हिशोब स्वतः करून जा. टेप घेऊन मापायचं, समजा बैठक मागून पुढे २० इंच, पुढे खाली उतरणारी पट्टी ७ इंच, मागे खोचायला ६ इंच, झाले ३३. रुंदी समजा २२ आणि दोन्ही बाजूंना ६-६ खाली उतरायला, झाले ३४. हे फक्त उदाहरण आहे, तुमच्या सीटचं माप तुम्ही घ्या. रेक्झिनचा रोल साधारण ५४ इंच पन्ह्याचा असतो, त्यात ३४ चा एकच तुकडा बसतो आणि उरलेल्या २० इंचात बाजूच्या पट्ट्या, हेडरेस्ट निघतात. हे माहीत असलं की पाच मीटर लागेल की सात, यावर कुणी फसवू शकत नाही, आणि उरलेला तुकडा मागून घ्या, पुढे ठिगळाला त्याच रंगाचं कापड मिळत नाही.

शिलाई ही कापडाइतकीच महत्त्वाची. कव्हर फाटतं ते बहुतेक वेळा कापडात नाही, शिवणीवर फाटतं. सुती दोरा घाम आणि उन्हाने कुजतो, पॉलिस्टरचा जाड दोरा वापरायला सांगा. टाके फार जवळ नकोत, रेक्झिनला प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, जवळजवळ भोकं पडली की पोस्टाच्या तिकिटासारखं सरळ रेषेत फाटतं, इंचाला सहा-सात टाके पुरेत आणि वरून दुसरी शिलाई. बैठकीच्या मधोमध शिवण येऊ देऊ नका, पाणी तिथूनच आत जातं, शिवणी सगळ्या कडेला घ्या. डिझाइनचे चौकोनी टाके मारलेलं कव्हर दिसायला भारी पण प्रत्येक टाक्यातून पाणी आणि बारीक धूळ खाली जाते. ड्रायव्हरच्या दाराकडची कड, जिथून आपण घसरत उतरतो, तिथे दुहेरी कापड लावायला सांगा, सगळ्यात आधी तीच जाते.

सीट बेल्टचं बक्कल कव्हरच्या खाली गाडलं जाणार नाही याकडे स्वतः उभं राहून लक्ष द्या, विशेषतः जोडसीटचं. बक्कल सापडत नाही म्हणून शेजारचा बेल्ट लावत नाही आणि ती सवयच होते. बेल्ट नसला तर मोटार वाहन कायद्याच्या १९४-ब कलमाने १००० रुपये दंड आहेच, पण रात्रीच्या लाइनला शेजारी बसलेला माणूस आपला भाऊ नाहीतर पोरगा असतो, त्याचा बेल्ट हाताला लागला पाहिजे. जॅक, पाना, टॉमी सीटच्या मागे किंवा खाली असेल तर पाठ झुकवून तेही निघतंय ना बघा. इंजिन सीटखाली असणाऱ्या गाड्या, जशी मारुतीची सुपर कॅरी, त्यांच्यात सीट उचलावीच लागते, तर कव्हर बैठकीपुरतं बांधलेलं पाहिजे, बैठक आणि फ्लोअर एकत्र बांधून टाकलं तर ऑइल बघायला दर वेळी कव्हर सोडत बसावं लागेल.

ज्यांची गाडी टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉससारखी महागडी पिकअप आहे त्यांनी एक गोष्ट वेगळी बघायची. हायलक्सला ७ एअरबॅग येतात, त्यातल्या साइडच्या एअरबॅग सीटच्या कुशीतून बाहेर येतात. सीटच्या कडेला एअरबॅग लिहिलेलं छोटं लेबल असेल तर त्या बाजूने जाड शिवलेलं कव्हर टाकायचं नाही, एअरबॅगसाठी कड मोकळी ठेवलेलं किंवा कंपनीचंच कव्हर घ्या. आपल्या मालवाहू पिकअपमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही तरी लेबल आहे का बघायला एक मिनिट लागतो.

कव्हर बसवून झालं की सीट पूर्ण पुढे-मागे सरकवा. इलॅस्टिकचे हुक बऱ्याचदा रुळात किंवा सीटखालच्या वायरला अडकवलेले असतात, सीट सरकताना वायर सोलते. हात घालून बघा, हुक सीटच्या फ्रेमलाच पाहिजेत. ज्या पट्ट्या वेल्क्रोच्या असतात त्या मातीने चार महिन्यांत चिकटायच्या बंद होतात, त्यापेक्षा नाडी बरी, तुटली तर घरी बदलता येते.

धुणं आणि पावसाळा

रेक्झिन आणि मॅट दोन्हीला साबणाचं पाणी आणि नरम ब्रश पुरे. डॅशबोर्डला मारतात ते चमकवायचं पॉलिश सीटवर मारू नका आणि मॅटवर, पेडलवर तर अजिबात नाही, सर्व्हिसिंग स्टेशनवर पोरं प्रेमाने सगळीकडे मारून देतात, आधीच सांगून ठेवा. त्यात सिलिकॉन असतं, ओली चप्पल पेडलवरून सटकते. टोमॅटोचा किंवा फळांचा रस सांडला तर वाळायच्या आत पुसा, वाळला की चिकटतो आणि त्यावर मुंग्या येतात.

जून ते सप्टेंबर मी मॅटच्या खाली किंवा वर काहीही ठेवत नाही, पोतं नाही, पुठ्ठा नाही, वर्तमानपत्र नाही. पुष्कळ जण चिखल लागू नये म्हणून मॅटवर पोतं टाकतात, ते पाणी पिऊन बसतं आणि पायाखाली सरकतं. मॅट धुतली की शेडखाली उभी करून वाळवा, ओली परत टाकू नका, वाळायला वेळ नसेल तर त्या फेरीला नुसत्या पत्र्यावर चालवा. सुती कव्हर पावसात दोन दिवस वाळत नाही म्हणूनच दोन जोड सांगितले, आणि जमलं तर पावसाळ्यापुरता तिसरा. क्लीनरच्या बाजूला मी एक जुना क्रेट ठेवलाय, ओली चप्पल, रेनकोट, दोर, सगळं त्यात, वाशीला पोचलो की क्रेट बाहेर उपडा करतो.

हौद्यात रबर शीट टाकायची का असंही भाऊ विचारत होता. क्रेट वाहत असाल तर टाका, क्रेट सरकत नाहीत आणि पत्र्याचा रंग टिकतो, पण ती चिकटवू नका, फाळका उघडून मागून गुंडाळत काढता आली पाहिजे. खत भरून आलात तर त्याच दिवशी काढून खाली पाणी मारा.